क्ष कुठे राहतो

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची सवय मोडून इतकी वर्षं झाली की पहिल्या शब्दालाच हात अडखळला. तसं फोनवर आपण बोलतोच. म्हणजे बोलतो काय, तुम्ही विचारता जेवलीस का, मी विचारते गुडघा कसा आहे, तुम्ही म्हणता आहे आपला जागेवर, आणि मग आपण दोघंही हवेवर घसरतो. तुमच्याकडे ऊन, आमच्याकडे ढग. फोन ठेवला की वाटतं, हवामान खात्यातल्या दोन कारकुनांचं बोलणं आटोपलं. तुम्ही माझ्याकडून परत गेलात तेव्हापासून हे असंच चाललंय. कारण तुम्हालाही ठाऊक आहे नि मलाही. पण ते फोनवर निघायचं नाही, कारण तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि माझं पुढचं सगळं वाक्य पुसलं जातं. कागदावर निदान तुम्ही मध्येच "हं" म्हणू शकत नाही.

त्या दिवशी सभागृहात तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होता. ठेवणीतला शर्ट घालून, एवढा बसचा प्रवास करून लेकीचं भाषण ऐकायला आलात. शेजारच्या गृहस्थांना तुम्ही मुद्दाम सांगितलंत म्हणे, "मुलगी आहे माझी." ते गृहस्थ आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचे यजमान निघाले, म्हणून मला नंतर कळलं. आजूबाजूच्या शाळांमधले शिक्षक जमले होते. माझ्या वर्गातल्या पोरांना गणित एकाएकी आवडायला कसं लागलं, ते मी त्यांना सांगणार होते. मला हार घातला, माइक हातात आला आणि खरं सांगते बाबा, माझ्या अंगात वारं शिरलं.

आधी माझ्या बाजूनं एक सांगू द्या, मग बाकीचं. मी जे करत होते ते नुसतं थेर नव्हतं. मी या शाळेत आले तेव्हा नववीच्या वर्गात दुपारी गणिताचा तास म्हणजे माशा मारायचा तास होता. एक पोरगा, आम्ही त्याला 'वकीलसाहेब' म्हणतो, रोज हात वर करून विचारायचा, "बाई, हे आयुष्यात कुठे लागतं?" एकदा वैतागून मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि शाळेची मागची भिंत मोजायला लावली. खिडक्या वजा करा, दाराची चौकट वजा करा, एका डब्यात किती भिंत रंगते ते दुकानात जाऊन विचारून या. आणि मग ती भिंत त्यांनी खरोखरच रंगवली. कोपऱ्यात हातभर जागा कोरी राहिली, कारण वकीलसाहेबांनी एक खिडकी दोनदा वजा केली होती. ती कोरी जागा अजून आहे. तिच्यापुढून जाताना पोरं त्याला कोपरखळी मारतात, पण क्षेत्रफळ आता कुणी विसरत नाही. मग बसच्या वेळापत्रकावरून आलेख काढले, दुकानांतल्या सवलतींवरून शेकडेवारी केली. मुलांचे डोळे चमकताना मी पाहिले. ते खोटं नव्हतं.

खोटं होतं ते व्यासपीठावर. नवीन किती छान ते सांगायला मला जुनं किती वाईट ते दाखवायचं होतं, आणि जुनं म्हणून माझ्या हाताशी, शाळेत मला गणित शिकवणारे, तुम्हीच होता. "आमच्या शाळेत एक सर होते," असं मी सुरू केलं. नाव घेतलं नाही, एवढीच काय ती चतुराई. डस्टर टेबलावर आपटून "पुढे!" म्हणणारे. हे कशासाठी शिकायचं असं विचारलं तर "बरोबर येतं म्हणून" असं उत्तर देणारे. मी तुमचा आवाज काढला, तुमची मान वाकडी करून फळ्याकडे पाहायची लकब केली. लोक हसले. हशा पिकला की माणूस पुढचं ठरवलेलं विसरतो आणि आणखी हशाच्या मागे धावतो, तसं माझं झालं. मी एक वाक्य बोलले, त्यावर सगळ्यात मोठा हशा आला. ते वाक्य कुठलं, ते तुम्हाला आठवत असणारच. माझ्याच्यानं ते इथं लिहवत नाहीये. थोडं पुढे गेल्यावर लिहीन.

घरी येताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "छान बोललीस. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता." बस्स. दुसऱ्या दिवशी राहणार होता, पण सकाळी पिशवी भरून तयार. नळवाला यायचाय म्हणालात. मला ठाऊक होतं नळवाला यायचा नाहीये, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. मी तुम्हाला स्टँडवर सोडलं आणि शाळेला उशीर नको म्हणून बस हलायच्या आत निघाले.

आता मला तुम्हाला एका मुलीबद्दल सांगायचंय. वर्गातली पोरं तिला 'शिडी' म्हणतात, कारण ती उंच नि नुसती हाडं. रागावत नाही ती, हाकेला ओ देते. बोलणं बेताचं. फळ्यावर गणित मांडलं की माझं लिहून व्हायच्या आत हिच्या ओठांवर उत्तर असतं, पण हात वर करायची नाही. भाषणानंतर मी हवेतच होते, तर त्या हवेत मी वर्गाला नवा उपक्रम दिला. आपलं घर मोजून आणा. खोल्यांची लांबी-रुंदी, प्रमाणात आराखडा, माणशी किती जागा येते त्याचा हिशेब. पालकांना बोलावू, सगळी घरं व्हरांड्यात लावू. पोरं खूश. तास संपल्यावर शिडी टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, दुसऱ्या कुणाचं घर मोजलं तर चालेल?" मी म्हटलं, छे, स्वतःचंच हवं, त्यातच तर गंमत आहे. ती जाईना. "मग मला पुस्तकातली गणितं द्या ना. पाठीमागची, कठीण. सगळा धडा सोडवते." मी हसले, बाबा. म्हटलं, "मोजायचा कंटाळा करतेस होय ग?" तिनं मान हलवली आणि गेली. एवढी सरळ विचारणा होती. दुसरा कुणी असता तर त्याला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला तेव्हा मुलं दिसत नव्हती, माझा उपक्रम दिसत होता.

तिचा आराखडा सगळ्यांत सुंदर आला. मोठं घर. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, जिना. जिन्याच्या पायऱ्यांची उंचीसुद्धा चुकली नव्हती. पूर्वेला खिडकी असलेली एक खोली, तिच्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं 'आई'. बाजूच्या खोलीत 'मी'. आकडेमोड चोख. मी तो व्हरांड्यात बरोबर मध्यभागी लावला आणि खाली लाल शाईत 'उत्कृष्ट' लिहिलं.

पालक आले त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शिडीची आई पहिल्यांदाच शाळेत आली होती. हातावर भाजल्याचे जुने डाग, साडी मात्र अशी कडक की घडी मोडू नये म्हणून चालतही जपून होती. ती लेकीच्या चित्रापुढे उभी राहिली आणि एकेका खोलीवर बोट ठेवून अक्षरं जुळवत वाचू लागली. 'आई' या शब्दावर तिचं बोट थांबलं. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, "हे हिचं घर? अय्या, ही तर आमच्या दुकानात झोपते. इस्त्रीच्या टेबलाखाली." बोलणारी माझ्याच वर्गातली, शिडीची आई जिथं इस्त्री करते त्या लॉन्ड्रीवाल्याची लेक. तिच्या मनात वाईट नव्हतं बाबा, तिला नुसतं नवल वाटलं होतं. पण कुठूनतरी कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग बरेच जण हसले. शिडी भिंतीला टेकून उभी होती. तिनं खाली पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

आणि मी काय केलं? पुढे झाले आणि ते चित्र काढलं. मला वाटलं मी तिला वाचवतेय. टाचण्या निघेनात, कागदाचा एक कोपरा फाटला. सगळ्यांच्या देखत मध्यभागी एक रिकामी चौकट उरली. तिची आई माझ्याजवळ आली नि हळूच म्हणाली, "बाई, मार्क कापणार का हो तिचे?"

दुसऱ्या दिवशी शिडी आली नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवडा सरत आला तेव्हा मी लॉन्ड्रीत गेले. दुपारची वेळ. आत वाफ कोंडलेली, ओल्या कपड्यांचा नि जळक्या कापडाचा वास. दोन लांब टेबलं, त्यांच्यावर पिवळी पडलेली जाड चादर, वर हँगरला लटकणारे लोकांचे कोट. एका टेबलाखाली गुंडाळलेली वळकटी, एक ट्रंक, एक आरसा. आई इस्त्री करत होती. मला पाहून तिनं इस्त्री उभी केली आणि स्टूल पुसून दिलं. शिडी मागे, कपडे बांधायच्या खाकी कागदांच्या गठ्ठ्यावर बसली होती. त्यातल्याच एका कागदावर पेन्सिलीनं काहीतरी चाललं होतं. मी जवळ गेले. पुस्तकाच्या शेवटच्या धड्यातली समीकरणं होती, आम्ही अजून तिथवर पोचलोही नव्हतो. पुस्तकात एक्स आहे, पण ही क्ष लिहीत होती. कुठल्याशा जुन्या पुस्तकात तिनं तो पाहिला होता आणि तिला तो आवडला होता.

मी माफी मागायला गेले होते, पण माझ्या तोंडून शिक्षिकेसारखाच प्रश्न निघाला. हे कसं सुचलं तुला? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "हे आपलं बरं असतं, बाई. क्ष म्हणजे क्ष. तो कुठे राहतो, कुणाचा कोण, कुणी विचारत नाही." आणि कागद पालटून पुढचं घेतलं.

तिथं त्या वाफेत बसून मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी तेव्हा आठवीत. आई आतल्या खोलीत. संध्याकाळी नर्सबाई यायच्या, आतलं दार लोटलं जायचं, आणि तुम्ही मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून बहुपदीचे अवयव पाडायला लावायचात. रोज. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. दाराआडून आईचं कण्हणं आलं की तुम्ही आवाज चढवायचात, "हं, मधलं पद फोड!" मी तुमचा केवढा राग केला त्या वर्षी. वाटायचं, या माणसाला काळीज आहे की नाही? बायको आत अशी पडलीय आणि याला मधल्या पदाची पडलीय. आई गेल्यावरही तुम्ही ते थांबवलं नाहीत. तेराव्याच्या आतच टेबलावर वही आली होती.

आता लिहिते ते वाक्य. मी माइकवर म्हणाले, "घरात आभाळ कोसळलं तरी आमच्या सरांची अवयव पाडायची वेळ काही टळायची नाही!" सभागृह हसलं. हसणाऱ्यांना आभाळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते माहीत असलेली तिथं दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक माइकवर होतं. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्हीही हसत होता, पण चष्मा काढून पुसत होता.

बाबा, माझ्या ध्यानात कधीच आलं नाही की त्या वेळी आख्ख्या घरात मला बसायला तेवढी एकच जागा होती. आत जे चाललं होतं त्याला उत्तर नव्हतं. तुमच्याकडेही नव्हतं, डॉक्टरांकडेही नव्हतं. आणि तुम्ही मला रोज दोन तास अशा ठिकाणी नेऊन बसवत होता, जिथं नीट पाऊल टाकलं तर शेवटी सगळं जुळतं. "बरोबर येतं म्हणून," असं तुम्ही म्हणायचात ते तुटकपणे नव्हे. तुमच्याजवळ द्यायला तेवढंच बरोबर उरलं होतं, आणि तुम्ही तेवढं सगळं मला दिलंत. मी त्याचा विनोद केला आणि टाळ्या घेऊन घरी आले.

पुढचं ऐका. व्हरांड्यातली गोष्ट गावभर झाली. दुकानात माणसं झोपवतो म्हणून कुणी तक्रार केली तर आपलं दुकान जाईल, अशी लॉन्ड्रीवाल्याला धास्ती बसली. त्यानं महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. मी त्याच्याकडे गेले, रदबदली केली. माणूस वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "बाई, इतकी वर्षं मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तुम्ही भिंतीवर लावलंत." मग मी शिडीच्या आईला म्हटलं, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, तिथं या. ती म्हणाली, "नको बाई, तुम्ही पुष्कळ केलंत." टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

मग मी आपल्या शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांची सून तुमच्या तिथल्या इस्पितळात नोकरीला आहे ना, तिला विचारलं की तिथल्या धुलाईखान्यात काही काम निघेल का. तिनं खटपट केली. काम मिळालं, आणि कामाबरोबर इस्पितळाच्या आवारात राहायला एक खोली. लहानच आहे, पण तिला दार आहे, आतून कडी आहे. त्याच फोनवर काकू बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांनी संध्याकाळची शिकवणीची मुलं बंद केली की. विचारलं तर म्हणतात, आता आमचं गणित जुनं झालं, पोरांचं नुकसान नको." त्या ओट्यावर चपलांचा ढीग नाही, हे चित्रच मला डोळ्यांसमोर आणता येईना.

वर्गाला मी सांगितलं की चूक माझी होती. पोरं चुळबुळली, बाई अशा बोलायला लागल्या की त्यांना कसंतरी होतं. लॉन्ड्रीवाल्याची लेक रडली. तिला जवळ घेतलं, तिचा काय दोष! वकीलसाहेब म्हणाले, "बाई, म्हणजे आता पुन्हा पुस्तकातलंच का?" तर मी म्हटलं, नाही रे बाबा, भिंती रंगवूच आपण. पण कुणाला नको असेल तर त्यानं नको म्हणायचं, आणि का म्हणून मी विचारणार नाही. मला एवढंच समजलंय अजून. मुलांच्या जवळचं शिकवावं हे खरंच, पण काही मुलांना जवळचं पुष्कळ झालेलं असतं. त्यांना थोडं लांब नेणारं कुणीतरी लागतं.

त्या मायलेकी गेल्या रविवारी तिकडे पोचल्या. शिडीचं तिथल्या शाळेत नावही घातलंय, तुमच्या घरावरूनच वाट आहे. मी तुम्हाला न विचारता तिला तुमचा पत्ता देऊन बसलेय. येत्या सोमवारी शाळा सुटल्यावर ती तुमच्याकडे गणित शिकायला येईल. दार उघडाल ना, बाबा? माझ्यासाठी नको. माझ्यावर राग धरा, चांगला वर्षभर धरा, माझी ना नाही. पण ती पोरगी पायरीवर फार वेळ उभी राहायची नाही, कुणी आलं नाही तर मुकाट्यानं परत फिरेल. बस सुटताना ती खिडकीतून मला विचारत होती, ते सर मला काय काय विचारतील? घर, वडील, इकडे का आलात, असलं विचारतील का? मी तिला सांगितलं, काही नाही विचारणार ग. फक्त म्हणतील, "कुठपर्यंत झालंय?"

तुमचीच,
ठमी